सांगितलं तर मोबाइल जाईल



पत्रिकेत आजचा विषय 'मुलांची ऑनलाइन सुरक्षितता आणि पालक' असा छापलाय. तो वाचून सायबर पोलीस किंवा मानसोपचारतज्ज्ञ बोलणार अशा अपेक्षेने कुणी आलं असेल, तर आधीच सांगून टाकतो, आम्ही त्यातले नाही. आम्ही वाचनालयाच्या चित्रपटगटातली सहा माणसं. महिन्याला एक सिनेमा बघतो आणि त्यावर भांडतो. आजचं टिपण सहाजणांनी मिळून केलंय, बोलायचं काम चिठ्ठी टाकून एकाच्या गळ्यात पडलंय. (हशा) त्यामुळे 'आम्ही' म्हटलं की ते आदरार्थी समजू नका, खरोखरचं अनेकवचन आहे.

आम्हाला जमतं ते एवढंच, की एखादी गोष्ट समोर आली की ती कुणाशी बोलतेय, कुणाच्या बाजूनं बोलतेय आणि काय गाळतेय ते बघायचं. पालकांसाठी या विषयावर सध्या इतकं काही लिहिलं आणि दाखवलं जातंय, की त्याची समीक्षा कुणीतरी करायला हवी. सुरुवात पत्रकापासून करू. मग तीन कलाकृती घेऊ: रवी जाधव यांचा 'बालक-पालक', अमित राय यांचा 'ओएमजी २' आणि नेटफ्लिक्सवरची ब्रिटिश मालिका 'अ‍ॅडोलेसन्स'.

पत्रक आमच्या एका सभासदाला पालकसभेत मिळालं. शाळेचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण थोड्याफार फरकानं सगळीकडे तेच असतं. आम्ही ते कवितेसारखं सावकाश वाचलं. चौदा सूचना. क्रियापदं बघा: ठेवा, तपासा, घाला, काढून घ्या, देऊ नका. सगळी आज्ञार्थी, आणि सगळी पालकाला उद्देशून. मूल या चौदा वाक्यांत एकदाही काही करत नाही. ते 'पाल्य' आहे. संस्कृतात या रूपाचा अर्थच मुळी 'ज्याला पाळायचं तो'. सहीच्या रकान्यापुरता ठीक आहे तो शब्द. पण अख्खं पत्रक त्या शब्दाच्या नजरेतून लिहिलं की मुलाचं तोंड आपोआप बंद होतं.

पहिलीच सूचना अशी: पाल्याच्या मोबाइल वापरावर लक्ष ठेवा. मराठीत 'लक्ष ठेवणं' आणि 'लक्ष देणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गॅसवरच्या दुधावर आपण लक्ष ठेवतो. दुकानात संशयास्पद गिऱ्हाइकावर ठेवतो. घरात कुणी आजारी असलं की त्याच्याकडे लक्ष देतो. पहिल्यात समोरच्याकडून काहीतरी वाईट होणार हे धरून चाललेलं असतं. दुसऱ्यात समोरच्याला काहीतरी होतंय हे आपल्याला कळायला हवं असतं. पत्रकात पहिलं पाच वेळा आहे, दुसरं एकदाही नाही. आम्ही मोजलं.

आता यात काय बिघडलं, असं कुणीही म्हणेल. लहान मुलांवर लक्ष ठेवायलाच हवं. सात वर्षांच्या मुलाच्या हातात फोन दिला तर तो काय बघतोय हे बघायलाच हवं, त्यासाठी फोनमध्ये सोयी आहेत, त्या वापराव्यात. त्यावर आमचा वाद नाही. आमचा प्रश्न पंधराव्या सूचनेबद्दल आहे, जी पत्रकात नाहीच. सगळं करूनही काहीतरी घडलं, मग?

काय घडतं ते एकदा स्पष्ट बोलू, कारण सभ्यपणा सांभाळत पुटपुटल्यानं यात फार नुकसान झालंय. चौदा-पंधराच्या मुलाला इन्स्टाग्रामवर एका मुलीच्या नावानं विनंती येते. प्रोफाइलवर फोटो असतात, दोनचार ओळखीची नावं असतात. गप्पा होतात. मग ती म्हणते, दुसऱ्या अ‍ॅपवर ये. तिथे ती स्वतःचा म्हणून एक फोटो पाठवते आणि त्याच्याकडे तसाच मागते. तो पाठवतो. पुढच्या मिनिटाला भाषा बदलते. त्याच्याच फॉलोअरच्या यादीचा स्क्रीनशॉट येतो: मामा, वर्गमैत्रिणी, क्लासचे सर. पैसे टाक, नाहीतर हा फोटो सगळ्यांना जाईल. मुलींच्या बाबतीत पैशाऐवजी बऱ्याचदा आणखी फोटो मागितले जातात. हे करणारा माणूस दुसऱ्या शहरात, कदाचित दुसऱ्या देशात असतो. त्याच्याकडे ना सुरा असतो ना पिस्तूल.

मग त्याच्या हातात असतं काय? 'तुझ्या आईवडिलांना सांगेन.'

हे जरा थांबून ऐका. मुलाला घाबरवायला त्या अनोळखी माणसाला आपण लागतो. आपल्या घरातला राग, आपली लाज, आपण मारलेली थप्पड, 'शाळा बंद' ही आपली धमकी, हे सगळं त्याचं भांडवल. पत्रकातली सातवी सूचना अशी: गैरवापर आढळल्यास मोबाइल त्वरित काढून घ्यावा. मुलाच्या बाजूनं वाचलं तर त्याचा अर्थ होतो, सांगितलं तर मोबाइल जाईल. आणि मोबाइल म्हणजे मित्र, क्लासचा ग्रुप, क्रिकेटचा स्कोअर, सगळंच. म्हणजे मुलानं खरं बोलल्याबद्दलचा दंड आपण आधीच छापून घरोघरी वाटलाय.

आता सिनेमे.

'बालक-पालक' ४ जानेवारी २०१३ ला लागला. निर्माते रितेश देशमुख आणि उत्तुंग ठाकूर. नावाची आद्याक्षरं 'बीपी', आणि त्या काळी पोरांच्या भाषेत बीपी म्हणजे काय हे या सभागृहातल्या निम्म्या लोकांना माहीत आहे, उरलेले माहीत नसल्याचं दाखवतायत. (हशा) व्हीसीआरच्या जमान्यातली मुंबईची चाळ. चाळीतल्या एका मुलीबद्दल मोठी माणसं कुजबुजतात. अव्या, भाग्या, चिऊ आणि डॉली या चौघांना कळत नाही की तिनं नेमकं केलं तरी काय. विचारलं की उत्तर मिळत नाही, टोलवाटोलवी होते. मग ती जातात विशूकडे, ज्याला सगळं माहीत असतं किंवा माहीत असल्यासारखं वाटतं. पुस्तकं येतात, मग कॅसेट येते.

सिनेमा लागला तेव्हा तो लैंगिक शिक्षणावरचा धाडसी सिनेमा म्हणून गाजला. आज पुन्हा पाहताना आम्हाला त्यात वेगळंच दिसलं. कॅसेट हा त्या गोष्टीचा शेवट आहे. सुरुवात मुलांनी विचारलेल्या प्रश्नात आहे. आधी मुलं घरात विचारतात, घर उत्तर देत नाही, म्हणून बाहेर जातात. हा क्रम दिग्दर्शकानं अचूक पकडला. इंटरनेट आलं तेव्हा बदललं ते एवढंच, की विशूची जागा अशा माणसांनी घेतली ज्यांना मुलांचं काही पडलेलं नाही. विशू कितीही वाह्यात असला तरी चाळीतला होता. त्याची आई कोण हे सगळ्यांना माहीत होतं. दुसरं म्हणजे, कॅसेट बघणाऱ्याकडे बघत नसे. तुम्ही ती बघितली हे कॅसेटला कळत नसे, ती लक्षात ठेवत नसे, उद्या त्याहून भडक काहीतरी आपणहून पुढे करत नसे. म्हणून 'आमच्या वेळीही होतंच की' असं म्हणत जे पालक या सिनेमातून निश्चिंत होऊन बाहेर पडले, त्यांचं आम्हाला पटत नाही.

सिनेमाची कमकुवत बाजू म्हणजे कदमकाका. किशोर कदम यांनी ती भूमिका छानच केलीय, प्रश्न लेखनाचा आहे. मुलं गोंधळतात, एकमेकांत बिनसतं, आणि मग हा समंजस शेजारी त्यांना जवळ घेऊन समजावतो. म्हणजे आईबाप वाचले! जे त्यांनी करायला हवं होतं ते काकांनी केलं. प्रेक्षागृहातल्या प्रत्येक बापाला वाटतं की आपल्याही मुलाला कुणीतरी कदमकाका भेटतील. चाळीत निदान ती शक्यता होती. आज फ्लॅटच्या बंद दारांमागे कदमकाका राहतही असतील, पण मुलाला त्यांचं नाव माहीत नसतं.

'ओएमजी २' ऑगस्ट २०२३ चा. एक भाविक दुकानदार, कांतिशरण मुद्गल, पंकज त्रिपाठींनी केलेला. त्याचा मुलगा शाळेच्या स्वच्छतागृहात हस्तमैथुन करत असताना कुणीतरी व्हिडिओ काढतं आणि तो गावभर होतो. शाळा मुलाला काढून टाकते. बाप लाजेनं कुटुंब घेऊन गाव सोडायला निघतो. मुलगा जीव द्यायच्या टोकाला जातो. मग बाप मागे फिरतो आणि खटला भरतो: शाळेवर, भोंदू औषधं विकणाऱ्यांवर, आणि स्वतःवर.

स्वतःवर! हिंदी सिनेमात बाप मुलासाठी गुंडांना मारतो, मंत्र्याला झोडपतो, पण न्यायालयात जाऊन 'माझ्या मुलाच्या बाबतीत मीही आरोपी आहे' असं म्हणणारा बाप आम्हाला दुसरा आठवेना. आपल्या आजच्या विषयातलं सगळ्यात मोलाचं दृश्य कुठलं असं विचारलंत तर आम्ही हेच सांगू. मूल कायमचं कुठे हरवणार होतं? व्हिडिओमुळे हरवणार होतं त्यापेक्षा, बापानं सामान बांधलं तेव्हा जास्त. बापाची लाज मुलानं पाहिली आणि स्वतःची किंमत ठरवली.

तरी हा सिनेमा आमच्या गटात सर्वांत जास्त वादाचा ठरला. एक तर मुलगा फार कमी बोलतो. दुसऱ्या भागात सगळे त्याच्याबद्दल बोलतात, त्याच्यासाठी लढतात, ग्रंथांचे दाखले देतात, आणि तो बसून असतो. पुन्हा 'पाल्य'. दुसरं, व्हिडिओ काढणाऱ्या आणि पुढे ढकलणाऱ्या मुलांमध्ये सिनेमाला फारसा रस नाही. खटला लैंगिक शिक्षणाचा होतो, तो योग्यच आहे. पण एका मुलाचं आयुष्य पणाला लागलं ते शेकडो हातांनी 'फॉरवर्ड' दाबल्यामुळे, आणि त्या हातांत मोठ्यांचेही हात होते. तो खटला राहिलाच.

आणि शेवटी विनोद असा, की सेन्सॉर बोर्डानं सिनेमाला 'ए' प्रमाणपत्र दिलं. म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलाशी बोला असं सांगणारा सिनेमा पंधरा वर्षांच्या मुलाला चित्रपटगृहात बघता येत नाही. आमच्या गटातल्या एक वहिनी म्हणाल्या, 'बरंच झालं, निदान आपल्याला घरी येऊन सांगायला निमित्त मिळालं.' सांगितलंत का, असं विचारलं तर गप्प बसल्या. आम्ही बाकीचे पाचही गप्पच बसलो.

आता 'अ‍ॅडोलेसन्स'. १३ मार्च २०२५ ला आली, चार भाग, प्रत्येक भाग एका अखंड शॉटमध्ये चित्रित केलेला. लेखन जॅक थॉर्न आणि स्टीफन ग्रॅहम यांचं, दिग्दर्शन फिलिप बॅरंटिनी यांचं. पहाटे पोलीस दार तोडून घरात शिरतात आणि तेरा वर्षांच्या जेमीला अटक करतात. त्यानं वर्गातल्या केटीचा खून केलाय. ब्रिटनमध्ये मालिकेवर इतकी चर्चा झाली, की पंतप्रधान कीर स्टार्मर यांनी आपण ती मुलांबरोबर पाहिल्याचं सांगितलं आणि माध्यमिक शाळांना ती मोफत दाखवण्याची व्यवस्था झाली. मालिका इंग्लंडची आहे, तिथल्या शाळा, तिथला सुऱ्यांचा प्रश्न, तिथलं वातावरण. ते उचलून आपल्याकडे चिकटवायचं नाही. पण एक दृश्य आणि एक संभाषण आपल्याही घरातलं आहे.

दृश्य दुसऱ्या भागातलं. तपास अधिकारी बॅस्कम शाळेत चौकशी करतोय. केटीनं जेमीच्या इन्स्टाग्रामवर टाकलेली चिन्हं बघून त्याला वाटलं, दोघांची मैत्री होती. त्याच शाळेत शिकणारा त्याचा मुलगा अ‍ॅडम त्याला बाजूला घेतो आणि सांगतो की बाबा, तुम्हाला कळत नाहीये, ती थट्टा होती, प्रत्येक रंगाच्या बदामाचा वेगळा अर्थ असतो. ती जेमीला हिणवत होती, म्हणत होती, तुला कधीच कुणी मुलगी मिळणार नाही.

या दृश्यानंतर जगभरच्या पालकांनी काय केलं? चिन्हांच्या अर्थाचे तक्ते तयार करून एकमेकांना पाठवले. आपल्याकडेही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरले, तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. हे त्या दृश्याचं सगळ्यात चुकीचं वाचन आहे. मुलांची भाषा तक्ता छापून होईपर्यंत बदललेली असते, बदलायचीच असते, कारण ती मोठ्यांना कळू नये म्हणूनच बनलेली असते. त्या दृश्यात बघायचं ते हे, की पोलीस अधिकारी असलेला बाप दिवसभर मुलांना प्रश्न विचारून काहीच मिळवू शकला नाही, आणि जे मिळालं ते स्वतःच्या मुलानं आपणहून सांगितल्यामुळे. अ‍ॅडमला बापाची कीव आली म्हणून त्यानं सांगितलं. बापानं काय केलं? ऐकलं. 'तुला कसं माहीत? तूही असलं करतोस का?' असं उलटून विचारलं नाही. त्या एका न विचारलेल्या प्रश्नावर अख्खं दृश्य उभं आहे. भागाच्या शेवटी तो मुलाला काहीतरी खायला घेऊन जातो, आणि मुलाला त्याचं आश्चर्य वाटतं.

संभाषण चौथ्या भागातलं. जेमीचे आईवडील खोलीत बसलेत. बाप एडी प्लंबर आहे, सकाळी लवकर जाणारा, रात्री उशिरा येणारा. दोघं आठवतात, की मुलगा खोलीत असायचा, रात्री उशिरापर्यंत दिवा दिसायचा, आणि आपल्याला वाटायचं तो घरात आहे म्हणजे सुरक्षित आहे. स्टीफन ग्रॅहमनं तो बाप कुठलाही खलनायक न करता, कुठलीही सवलत न घेता उभा केलाय. आम्ही त्यानंतर चर्चा केलीच नाही, दिवे लावले आणि घरी गेलो.

मालिकेत खटकणारी गोष्ट आहेच. केटी आपल्याला भेटतच नाही. मालिकेलाही हे माहीत आहे, तिच्यातली एक महिला पोलीस अधिकारी ते बोलून दाखवते, की लक्षात राहणार तो मुलगा, मुलगी नाही. बोलून दाखवल्यानं दोष जात नाही. केटीचाही एक फोटो आधी शाळेत पसरला होता. तिनं ते घरी कुणाला सांगितलं होतं का? या प्रश्नावर एक पाचवा भाग होऊ शकला असता.

आणि इथे आपल्याकडचा फरक सांगायला हवा. त्या मालिकेतली बंद खोली हे मोठं प्रतीक मानलं गेलं. आपल्याकडे किती मुलांना स्वतंत्र खोली असते? दोन खोल्यांत सहा माणसं, बाहेरच्या खोलीत टीव्ही, आजी पलंगावर. मुलगा आईच्या शेजारी बसून, पांघरुणात, तिच्याच फोनवर कुठेतरी दूर असतो. आपल्याकडे खोली म्हणजे फोनच. पत्रकातली 'मोबाइल सर्वांसमोर वापरू द्या' ही सूचना म्हणूनच हास्यास्पद वाटते. सर्वांसमोरच तर वापरतोय तो!

'असर'च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांची माहिती आहे. स्मार्टफोन वापरता येणारी ८० टक्क्यांहून जास्त. आदल्या आठवड्यात अभ्यासाच्या कामासाठी वापरला असं सांगणारी ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरला असं सांगणारी ७६ टक्के. याच्या बातम्या 'अभ्यास कमी, चाळा जास्त' अशा झाल्या. आम्हाला पुढचा आकडा महत्त्वाचा वाटला: समाजमाध्यमं वापरणाऱ्यांपैकी एखाद्याला ब्लॉक कसं करायचं, तक्रार कशी करायची हे माहीत असणारी साधारण ६२ टक्के. म्हणजे दर दहांतल्या जवळपास चारजणांना हे दार लावताही येत नाही. तेवढं शिकवायला पाच मिनिटं लागतात. चौदा सूचनांत ते नाही.

मुलींचं आणखी वेगळं. मुलानं सांगितलं तर मोबाइल जातो. मुलीनं सांगितलं तर मोबाइल, क्लास, मैत्रिणी, कधी कधी शाळा, आणि मग घरात 'स्थळं बघायला लागा' हा विषय. चूक दुसऱ्याची, आणि शिक्षण हिचं थांबणार. तिनं न सांगण्याचं ठरवलं तर तो तिचा मूर्खपणा म्हणता येणार नाही. तिचा हिशोब बरोबर असतो.

महाराष्ट्रातल्या दोन गावांनी २०२२ मध्ये या विषयावर निर्णय घेतले. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं संध्याकाळी सातला भोंगा वाजवायचा आणि दीड तास गावातले टीव्ही, मोबाइल बंद ठेवायचे असं ठरवलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावानं ठराव केला, की अठरा वर्षांखालच्या मुलांनी मोबाइल वापरायचा नाही. दोन्हींच्या बातम्या एकाच सुरात आल्या, आदर्श गाव वगैरे. आम्हाला त्यांत जमीनअस्मानाचा फरक वाटतो. वडगावचा भोंगा बापालाही लागू होता. मुलांना गप्प बसवून आपण रील बघणं त्या दीड तासात शक्य नव्हतं. बान्सीचा ठराव फक्त मुलांवर आहे. आणि वापरायचाच नाही असं ठरलेल्या फोनवर काही वाईट घडलं, तर ते मूल सांगणार कुणाला? आधी ठराव मोडल्याची कबुली द्यावी लागेल.

मोठ्या पातळीवरही हाच फरक दिसतो. ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांची खाती बंद झाली. तो निर्णय बरोबर की चूक यावर आमच्यात तीन विरुद्ध तीन झाले, ते सोडा. पण त्या कायद्यात दंड मुलाला नाही, आईबापांना नाही, कंपनीला आहे. आपल्या पत्रकांत कंपनी हा शब्दच येत नाही. रात्री दोनपर्यंत मूल स्क्रीनला चिकटून राहावं म्हणून पगार घेऊन काम करणारी माणसं आहेत, आणि आपण ती गोष्ट 'संस्कार कमी पडले' अशी लिहितो.

आता आमची चूक सांगतो. ती सांगायची नव्हती, पण ती वगळली तर हे सगळं टिपण खोटं होईल.

'अ‍ॅडोलेसन्स'वरची चर्चा आम्ही पालकांसाठी खुली ठेवली होती. संपल्यावर खुर्च्या उचलायला काही मुलं आली. त्यांतला एक, नववीतला असावा, आमच्यातल्या एकाजवळ घुटमळला आणि म्हणाला, 'काका, समजा कुणी फोटोवरून धमकी देत असेल, आणि घरी सांगितलं तर मोबाइल जाणार असेल, तर काय करायचं?' दोन तास आम्ही याच विषयावर बोललो होतो. आणि आमच्या माणसानं काय विचारलं? 'कुणाला देतंय धमकी? तुला? कसला फोटो?' मुलगा म्हणाला, 'नाही, असंच. मित्राचं.' आणि दोन खुर्च्या घेऊन गेला. बस. एवढंच. आम्ही अ‍ॅडमच्या बापाचं कौतुक करून उठलो होतो, आणि त्यानं न विचारलेला प्रश्न आम्ही विचारला.

म्हणून ज्याचं उत्तर त्या मुलाला द्यायला हवं होतं ते आज देतो. पैसे द्यायचे नाहीत, दिले की आणखी मागतात. धमकीच्या संदेशांचे, त्या खात्याच्या नावाचे स्क्रीनशॉट घ्यायचे, गप्पा पुसायच्या नाहीत, मग ब्लॉक करायचं. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन, चोवीस तास. १९३० सायबर फसवणुकीसाठी. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर मुलांच्या बाबतीतली तक्रार नाव न देताही करता येते. 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा आहे, अठराखालच्यांच्या नग्न किंवा अर्धनग्न फोटोंसाठी. त्यात फोटो कुणाकडे जात नाही. आपल्याच फोनवर त्या फोटोचा एक अंकी ठसा तयार होतो, तो ठसा सहभागी कंपन्यांना मिळतो, आणि त्यावरून त्या तो फोटो ओळखून काढतात.

पालकांना एक गोष्ट निक्षून. असा फोटो 'पुरावा' म्हणून मेव्हण्याला, शाळेच्या ग्रुपला, 'सावध राहा' म्हणून सोसायटीच्या ग्रुपला पाठवू नका. अठराखालच्या मुलाचा असा फोटो पसरवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली आणि पोक्सोखाली गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असला तरी. असं साहित्य न पुसता, न कळवता जवळ ठेवणंही गुन्हा ठरू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. पोलिसांकडे जा, ते सांगतील तसं करा.

आमचं टिपण इथे संपतं. प्रश्न असतील तर घेऊ.

(श्रोत्यांचे प्रश्न)

श्रोते: म्हणजे मोबाइल कधी काढूनच घ्यायचा नाही का? माझा नातू रात्री एकपर्यंत जागतो.

काका, घ्या की. रात्री दहाला सगळ्यांचे फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला, तुमचाही. (हशा) तो घरचा नियम झाला. आम्ही म्हणतो ते वेगळं आहे. मुलानं येऊन काही सांगितलं, तर त्या सांगण्याची शिक्षा म्हणून काढू नका. आणि हे आधी, काही घडलेलं नसताना, त्याला स्पष्ट शब्दांत सांगून ठेवा. घडल्यावर सांगून उपयोग नसतो, तेव्हा त्याला ते आमिष वाटतं.

श्रोते: आई नोकरीला, वडील ट्रकवर. लक्ष द्यायला माणूस तर हवा ना घरात?

बरोबर आहे तुमचं. एडी मिलरचंही तेच होतं. आमच्याकडे याचं चांगलं उत्तर नाही. मावशी, मोठा चुलतभाऊ, वाचनालयातलं कुणी, असा एक माणूस मुलानं स्वतः निवडावा आणि तो कोण हे आईबापांना माहीत असावं, असं आम्हाला वाटतं. कदमकाकांवर मघाशी टीका केली खरी, पण पूर्ण मोडीत काढता येत नाहीत ते.

श्रोत्या: एखाद्या मुलानं घाबरून पैसे दिले असतील तर? थोडे थोडे करून सात-आठ हजार. आईच्या खात्यातून.

लगेच १९३० ला फोन करायचा. जितक्या लवकर कळवाल तितकी ते पैसे पुढे जाण्याआधी अडकवून ठेवायची शक्यता जास्त. व्यवहाराचे क्रमांक बँकेच्या संदेशांत असतात, ते पुसू नका. मुलाला आज काही विचारू नका, जेवायला वाढा. ताई, कार्यक्रम संपल्यावर जरा थांबता का? मागच्या दाराशी आम्ही दोघं आहोत. नाव वगैरे सांगायची गरज नाही.